काही अडचण नाही, सर

बेटावरून,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

ती. दादा,

प्रज्ञाचा जय भीम. आईलाही सांगा, आणि जरा मोठ्याने सांगा, म्हणजे मुंबईहून नाही, विलायतेहून नाही, थेट समुद्रातून पत्र आलंय हे केशरबाई मावशीला भिंतीपलीकडे ऐकू जाईल. नाहीतर आईला पत्र आल्याचं समाधानच लाभायचं नाही. माझा धाकटा भाऊ सचिन दुकानात वेळेवर जातो ना?

पत्र बघून घाबरू नका. इथं आल्याआल्या सगळ्यांचे मोबाईल काढून घेतात, आमच्या विमानाच्या मालकांचेसुद्धा. लाकडी पेटीत ठेवून कुलूप लावतात. लोक इथं लाखो रुपये मोजून गप्प बसायला येतात, दादा. जेवताना चमचा वाजला तरी वाढणारा माणूस दचकतो. आईला इथं आणलं असतं तर पहिल्याच दिवशी तिने त्या वाढप्याचं गाव, लग्न आणि पगार काढून घेतला असता आणि आपल्या सगळ्यांना परत पाठवलं असतं. ऑफिसात एक सॅटेलाइट फोन आहे, हवामान विचारायला. त्यावरूनच मी तुमच्याशी दोन मिनिटं बोलते. पण मॅनेजर समोर बसलेला असतो आणि तुम्ही तिकडून प्रत्येक गोष्टीला 'बरं, बरं' म्हणता. त्यात काय बोलून होतंय! सामानाची बोट बुधवारी आणि शनिवारी येते, तीच टपाल नेते. म्हणून लिहिते आहे.

शनिवारी शिर्डीच्या काकडी विमानतळाच्या फाटकाशी तुम्ही विचारलं होतं, त्याची उत्तरं आधी देते. आत नऊ माणसं बसतात. आम्ही दोघं वैमानिक, सूर्यभान सर आणि मी, पुढे; मालक, मॅडम, त्यांच्या दोन मुली आणि मालकांचे मेहुणे मागे. कोचीला तेल भरलं, तिथून पुढे सव्वा तास नुसतं पाणी. बेटावरची धावपट्टी इतकी आखूड आहे की चाकं टेकली की सूर्यभान सर दातओठ खाऊन ब्रेक दाबतात. आणि हो, हे विमान स्वतःहून मागे येत नाही, हे खरं आहे. तुम्ही हसलात, "रिव्हर्स न्हाई? मंग स्टँडात लावता कशी गं?" म्हणालात. माणसं ढकलतात, दादा. इथं माणसं कमी आहेत म्हणून मलाही ढकलावं लागलं. कॅप्टनच्या टोपीसकट. हे आईला सांगू नका, ती गल्लीत सांगेल.

सूर्यभान सर हवाई दलातले, हरियाणाचे, कमी बोलणारे. तुमच्याशी त्यांचं जमेल. तुम्ही एस.टी.त चढताना करायचात तसं तेही गाडीला हात लावल्याशिवाय चढत नाहीत.

आईने दिलेल्या डब्यातल्या भाकरी कोचीपर्यंत संपल्या. चटणी मालकांच्या धाकट्या मुलीने खाल्ली आणि नाक पुसत पुन्हा मागितली. शनिवारी तुम्हाला उन्हात उभं केलं त्याचं मात्र मला अजून वाईट वाटतंय. मालकांचं शिर्डीचं दर्शन होईपर्यंत विमान साडेतीन तास उभं होतं. तेवढ्यात घरी जाऊन आईचा चेहरा बघून आले असते. पण सर म्हणाले होते, "ते लवकरही येतील." म्हणून नाही निघाले. तुम्हीच दोन गाड्या बदलून आलात आणि दहा मिनिटं गजाआडून बोलून गेलात. वर उडाल्यावर मी श्रीरामपूर शोधत होते. मी उजवीकडे बसते, गाव डावीकडे सरांच्या खिडकीत आलं. मान लांब केली तर प्रवरेचं थोडंसं पाणी दिसलं.

आईला धाप कशी आहे? रात्री उशा लावून बसवता ना? गोळ्या सचिनला बघायला सांगा, तुम्ही रंगावरून ओळखता आणि दोन गोळ्या पांढऱ्या आहेत.

एवढं सगळं लिहिलं आणि जे लिहायला बसले ते राहिलंच. दादा, मी उद्या येत नाहीये.

काल संध्याकाळी मालक वाळूत फिरताना थांबले आणि म्हणाले, "कॅप्टन प्रज्ञा, इथं फार बरं वाटतंय. बुधवारऐवजी रविवारी निघालो तर? तुम्हाला काही अडचण?" सरांनी माझ्याकडे बघितलं. गुरुवारी आईचं ऑपरेशन आहे, हे माझ्या जिभेवर होतं. आणि मी म्हणाले, "काही अडचण नाही, सर."

हे पत्र उशिरा पोचेल, म्हणून फोनवरही तुम्हाला सांगेनच, पण आईला एवढ्यात सांगू नका. मी काहीतरी करते.

तुमची,
प्रज्ञा

---

बेटावरून,
गुरुवार, १३ फेब्रुवारी, दुपार

ती. दादा,

जय भीम. तुमचा फोन ठेवून आले ती सरळ खोलीत आले आणि हे लिहायला बसले. हे पत्र शनिवारच्या बोटीने निघेल, तुमच्या हातात पडेल तेव्हा आई वॉर्डात बसून नर्सची लग्नं जमवत असेल. म्हणजे या पत्राचा कुणालाच उपयोग नाही. तरी लिहिते, कारण इथं दुसरं काहीच करता येत नाही. विमान खिडकीतून दिसतंय. टाकीत तेल भरलेलं आहे, पंख्यांवर कापड घातलंय. तीन तासांत शिर्डी, पुढे दीड-दोन तासांत नगरचा दवाखाना. आणि मी खोलीत बसून पेन शोधते आहे.

मंगळवारी 'काहीतरी करते' असं लिहिलं होतं. काय केलं ते ऐका. बुधवारी सकाळी मालकांच्या खोलीपर्यंत गेले. ते बाहेर आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मॅडम म्हणाल्या, "बोला ना, काय हवंय?" मी म्हणाले, "उद्याचं हवामान छान आहे मॅडम, एवढंच सांगायला आले." हवामान! त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. संध्याकाळी सर म्हणाले, "घर में सब ठीक?" मी म्हणाले, "सब ठीक, सर."

तुम्ही म्हणाल, बरोबर केलंस. दादा, मला तुमच्याशी यावरच भांडायचं आहे. समोर असते तर भांडले नसते. समोर तुम्ही पाणी प्यायला उठता.

मी नोकरीला लागले त्या दिवशी तुम्ही स्टँडवर मला एकच गोष्ट सांगितली. "हे बघ, आपल्याला घेतलं हेच लई झालं म्हननारे तिथंबी असतील. त्यांच्या हाती कोलीत द्यायचं न्हाई. रजा मागायची न्हाई, नड सांगायची न्हाई. आपन नड सांगितली की ते म्हनतात, बघा, म्हनूनच ह्यांना घेऊ नये." तुम्ही अठ्ठावीस वर्षं एस.टी. चालवली आणि एकदाही ड्यूटी नाकारली नाही. तुमच्या निरोप समारंभात डेपो मॅनेजरांनी तेच सांगितलं आणि आई पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं अभिमानाने. नंतर घरी येताना टेम्पोत ती मला म्हणाली, "तुज्या येळंला मी एकटीच हुते दवाखान्यात. हे नाशिकला गाडी घेऊन गेल्ते." एवढंच म्हणाली, मग केळी घ्यायची म्हणून टेम्पो थांबवला.

मी चार वर्षांत एकही रजा मागितलेली नाही. ताप असताना उडाले नाही, ते नियमात बसत नाही म्हणून. पण त्याच्या बदल्यात दिवाळीच्या दोन ड्यूट्या केल्या. बाकीचे लोक मुलाची शाळा, बायकोचा वाढदिवस, मेहुण्याची वास्तुशांत, सगळं खुशाल सांगतात. त्यांना कुणी कमी लेखत नाही. हे मला दिसतं. दिसतं, तरी तोंड उघडलं की 'काही अडचण नाही' हेच बाहेर येतं. शाळेत पाढे म्हणावेत तसं.

तारीख पुढे ढकला म्हणायची सोय नव्हती, मला ठाऊक आहे. हृदयाची झडप बदलणारे डॉक्टर पुण्याहून गुरुवारीच येतात आणि आपण आधीच दोनदा तारीख चुकवली. तिसऱ्यांदा ते म्हणाले होते, आता उशीर केलात तर मी हात लावणार नाही. आणि आईचा हट्टही ठाऊक होता. "प्रज्ञी आल्याबिगर मी आत जायची न्हाई." मला वाटत होतं, ती रागावेल, रडेल, मला चार शिव्या घालेल आणि जाईल. सकाळी फोनवर तुम्हाला विचारलं, तयार झाली का? आणि तुम्ही सांगितलंत.

"तिला म्हनलं, पोरगी शिर्डीत उतरली, गाडी करून निघाली हाय. तवा गेली. जाताना म्हनली, तिला आधी काहीतरी खाऊ घाला, तशीच आली असंल."

मॅनेजर समोर होता, दादा. मी 'बरं' म्हणाले.

तुमची चूक नाही. ती आत जायलाच हवी होती. मी तुमच्या जागी असते तर मीही हेच सांगितलं असतं. पण आता तास झाला, ती आत आहे आणि तिच्या हिशेबाने मी राहुरीपर्यंत पोचले आहे. शुद्धीवर आल्यावर ती पहिल्यांदा दाराकडे बघेल. तेव्हा काय सांगणार आहात?

संध्याकाळी फोन करते. सचिनला म्हणावं, एकटा बाहेर बसू नको, तुमच्याजवळ बस.

तुमची,
प्रज्ञा

---

बेटावरून,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी, दुपारी पावणेचार

ती. दादा,

काल संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "झालं नीट. झोपलीय." मी किती तरी वेळ ऑफिसच्या पायरीवर बसून होते. मॅनेजरने शहाळं आणून दिलं. मी ते प्याले आणि त्याला म्हणाले, माझ्या आईचं ऑपरेशन झालं. इथं आल्यापासून आईबद्दल कुणाजवळ बोललेली ती पहिली गोष्ट.

आज सकाळी अकराला पुन्हा फोन लावला. तुम्ही म्हणालात, "बरी हाय, बाळा. झोपलीय." मी म्हणाले, अजून झोपलीच आहे? तुम्ही म्हणालात, "औषिदाचा अंमल हाय. तू रविवारी गाडी नीट आन. घाई करू नको." आणि मग विचारलंत, हवा कशी आहे, वारा कुठून आहे.

दादा, मला मागचा आवाज ऐकू आला.

तुम्ही मोबाईलवर हात धरला होतात, तरी ऐकू आला. केशरबाई मावशी 'बुद्धं सरणं गच्छामि', त्रिशरण म्हणत होती आणि तिच्यामागून सगळ्या बायका. नगरच्या दवाखान्यात मावशी कशी असेल? दवाखान्यात एवढ्या बायका एका सुरात कशाला म्हणतील? मग तुम्ही चालत बाहेर आलात, आवाज लांब गेला, आपल्या दाराची कडी वाजली. आणि तुम्ही म्हणालात, "हॅलो, ऐकू येतंय का? इथं रेंज न्हाई." मी म्हणाले, हो दादा, ऐकू येतंय. बरं, ठेवते.

तुम्ही मला कधीच बाळा म्हणत नाही.

तुम्ही असं का केलंत, हे मला लगेच कळलं. एस.टी.च्या माणसाच्या घरात वाढलेल्या कुणालाही कळेल. गाडी स्टँडात लागेपर्यंत ड्रायव्हरला वाईट खबर द्यायची नाही. तुमची आई, राहीबाई आजी, गेली तेव्हा तुम्ही पुण्याहून गाडी घेऊन येत होतात. नगरच्या स्टँडवर फोन आला होता. कंट्रोलरने तुम्हाला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि श्रीरामपूरला जाऊ दिलं. तिथं गाडी लावली, कागद दिले, मग सांगितलं. आम्ही लहान असताना तुम्ही ते सांगायचात आणि म्हणायचात, "बेस केलं त्यांनी. मागं चौपन्न मानसं हुती." मी विचारायचे, दादा, तुम्हाला राग नाही आला? तुम्ही म्हणायचात, "कशाचा राग? त्यो कंट्रोलर तिथं रडत हुता."

तर तुम्ही माझे कंट्रोलर झालात. रविवारपर्यंत एकट्याने ते सगळं तोंडात धरून ठेवायचं ठरवलंत. फोनवर वारा विचारलात. मला तुमच्या गळ्यात पडून रडावंसं वाटतंय, दादा, आणि तुम्हाला गदागदा हलवावंसंही वाटतंय.

आता मी काय केलं ते सांगते.

आमच्याकडे नियम आहे. ज्याचं मन ठिकाणावर नाही त्याने स्वतःहून सांगायचं आणि विमानाला हात लावायचा नाही. कुणी तपासत नाही, आपणच सांगायचं. आणि या विमानाला दोघं लागतात, एकट्याने उडवायची परवानगी नाही. म्हणजे मी सांगितलं तर मी उडवू शकत नाही, मी नाही म्हणजे सर नाहीत, आणि विमान जागच्या जागी. घरी यायचं असेल तर गप्प बसायचं. जाऊन मालकांना म्हणायचं, जरा घरचं काम निघालंय, आज निघू या का? आणि मागे पाच माणसं घेऊन हसत उडायचं. मी दोन तास खोलीत फेऱ्या मारल्या. एकदा टोपी घातलीसुद्धा. मग काढून ठेवली. मागे त्या दोन मुली असणार, त्यातली धाकटी चटणी खाणारी.

तुम्हाला आजीचं ठाऊक नव्हतं म्हणून तुम्ही गाडी चालवलीत. मला ठाऊक होतं.

मी सरांना जाऊन सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा नड सांगितली, दादा. ते खुर्चीतून उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, अब तू नहीं उड़ाएगी." मग कंपनीला फोन लावला. उद्याच्या बोटीने दुसरा वैमानिक येतोय. तो दुपारी पोचेल, मग निघायचं, मी मागे बसायचं, संध्याकाळी शिर्डी. त्याआधी काही म्हणजे काही होऊ शकत नाही. बोट वीस तासांची आहे, तिच्यावर चढूनही मी लवकर पोचत नाही.

थोड्या वेळाने मालक स्वतः माझ्या खोलीच्या दारात आले. अनवाणीच आले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. म्हणाले, "अहो, मी विचारलं होतं ना तुम्हाला? तेव्हाच सांगायचं. बुधवारीच निघालो असतो आपण. आम्हाला काय, इथं बसणं आणि घरी बसणं सारखंच." मॅडम मागे उभ्या राहून रडत होत्या. मी म्हणाले, "चुकलं, सर."

बुधवारी निघालो असतो, दादा. बुधवारी रात्री मी आईजवळ असते. गुरुवारी सकाळी तिला खोटं सांगावं लागलं नसतं. झडप तशीही दगा देणारच असेल तर देवो, डॉक्टरांच्या हातात नव्हतं, तुमच्या नव्हतं. पण तिचा हात धरून दारापर्यंत जाणं माझ्या हातात होतं. त्यासाठी एक वाक्य बोलायचं होतं. कुणीही मला नाही म्हणालं नसतं.

हा दोष तुमच्यावर टाकावा असं दुपारभर मनात येत होतं. तुम्ही शिकवलं, मी शिकले. पण तुम्हाला ज्यांनी हे शिकवलं ते कंट्रोलर वेगळे होते, चहा पाजणारे नव्हते. तुम्ही तरी दुसरं काय शिकवणार होतात? माझे मालक तसे नव्हते, हे मी चार वर्षांत ओळखायला हवं होतं. ते माझं काम होतं.

सरांना सांगितल्यावर मी तुम्हाला तीनदा फोन लावला. तुमचा वाजतो, कुणी उचलत नाही. सचिनचा बंद आहे. आता चार वाजत आलेत. मला वाटतं, तुम्ही आत्ता आईला घेऊन निघाला असाल. तुमच्या मते मी रविवारी येणार, तोपर्यंत तिला ठेवणार कसं? म्हणजे मी इथं बसून हे वाक्य लिहिते आहे आणि तुम्ही तिला नेत आहात. फोन खिशात वाजत असेल आणि तुम्ही म्हणत असाल, पोरीचा आहे, आत्ता उचलला तर तोंडातून निघून जाईल. नका उचलू. मी समजून आहे.

हे पत्र मी बोटीत टाकणार नाही. उद्या संध्याकाळी तुमच्या हातात देईन, कारण समोर आल्यावर तुम्ही पाणी प्यायला उठाल आणि मी 'बरं' म्हणेन. तेव्हा आपण दोघं बसून हेच वाचू.

पण त्याआधी आज पाचला मी पुन्हा फोन लावणार आहे. तोवर तुम्ही परत आला असाल, अंगणात बसला असाल. त्या वेळी उचला. वारा विचारू नका. माझ्या मागे आता एकही माणूस बसलेलं नाही, दादा, माझ्याकडून गाडी काढून घेतली आहे.

आता मला सांगा, आई गेली म्हणून.

तुमची आणि आईची, चांगुणाबाईची,
प्रज्ञा